भिंतीच्या पोटातलं तूस

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी ‘सुतार’ एवढंच सांगून मोकळा होतो. खरं उत्तर दिलं तर पुढचा अर्धा तास आपला राहत नाही. मी भिंतींची पोटं भरतो. बांबूच्या दोन भिंती जवळजवळ उभ्या करायच्या, मध्ये वीतभर जागा सोडायची आणि त्या जागेत भाताचं तूस भरायचं, हा माझा धंदा. हे ऐकून लोक आधी माझ्याकडं बघतात, मग माझ्यासोबत आलेल्या माणसाकडं बघतात आणि मग हळूच विचारतात, “पण का?”

या ‘पण का’ला उत्तरं देण्यात माझा जन्म गेला. तेव्हा इथंही आधी ते देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला बरं.

आमचं मूळ गाव बेळगावकडच्या खानापूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला. तिथं पूर्वी घरं कुडाची असायची. लाकडाचे खांब रोवायचे, खांबांच्या मध्ये बांबूच्या कामट्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायचं, झाला कूड. या भिंतीला पाठ टेकून बसलं तर भिंत अंगाला झोंबत नाही. पावसाळ्यात तिला ओल धरत नाही आणि चैत्र-वैशाखात भर दुपारी आत शिरलं तर डोळ्यांवर झोप येते. सिमेंटच्या भिंतीचं वागणं निराळं. ती दिवसभर ऊन खाते आणि आपण जेवून आडवे झालो की खाल्लेलं बाहेर काढायला लागते. थंडीत तिला हात लावला तर हात मागं घ्यावा लागतो.

दुहेरी कूड आमच्याकडं फक्त बियाण्याच्या बटाट्याच्या खोलीला करत. माणसांपेक्षा बटाट्यांची काळजी जास्त. माझ्या वडिलांनी तो पहिल्यांदा माणसांच्या खोलीला केला, आणि त्यावरून त्यांना पुष्कळ बोलणी खावी लागली. मधल्या जागेत भरायचं तूस म्हणजे भाताची सालं. भातगिरणीच्या मागं त्याचे डोंगर पडलेले असतात. तूस स्वतः काही करत नाही. ते फक्त हवा धरून ठेवतं. हलती हवा ऊन-थंडी इकडून तिकडं नेते, आणि हवा जागेवर बसली की त्यांचीही ये-जा थांबते. वाकळ ऊब देते ती काही जुन्या लुगड्यांमुळं नव्हे, लुगड्यांच्या घड्यांत अडकलेल्या हवेमुळं देते. आम्ही भिंतीला वाकळ पांघरतो, एवढंच.

हे एवढं साधं आहे, पण साध्या गोष्टीवर माणसाचा विश्वास बसत नाही. सांबऱ्याचे एक सुभेदार होते. पलटणीत असताना बर्फाच्या मुलखात राहून आलेले. निवृत्त झाल्यावर त्यांना तिकडच्यासारखी लाकडी भिंतींची खोली हवी होती. खरं तर सांबऱ्यात बर्फ कुठला? पण सकाळचा चहा त्या खोलीत बसून प्यायचा आणि जुने सोबती आठवायचे, एवढीच त्यांची हौस होती. तूस सैल भरलेलं बघून ते खवळले. “असलं पोकळ काम चालणार न्हाय. ठासून भरा.” मी म्हटलं, साहेब, ठासलं की मधली हवा जाईल, मग भिंत असून नसल्यासारखी. ऐकतील तर सुभेदार कसले. मी जेवायला गेलो असताना त्यांनी स्वतः मुसळ घेतलं आणि वरून धमाधम ठासलं. परत येऊन बघतो तर भिंत पोटुशी बाईसारखी पुढं आलेली, कामट्या तडकलेल्या आणि सुभेदार मुसळ घेऊन तिच्यापुढं सावधान उभे. ती भिंत उकलून पुन्हा बांधली. नंतर कित्येक वर्षं ते मला रस्त्यात सलाम ठोकायचे आणि माझी पंचाईत व्हायची.

या कामाला दोन गोष्टींचं भय. एक बांबूतला भुंगा आणि दुसरे तुसातले उंदीर-किडे. बांबू दसऱ्यानंतर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा आणि ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. बाहेर काढताना असा काही वास सुटतो की नवा माणूस त्या दिवशी जेवत नाही. पण असा मुरलेला बांबू भुंगा तोंडात धरत नाही. घाई करून कोरडाच वापरला तर वर्षभरात भिंतीखाली पिवळं पीठ पडायला लागतं आणि मालक आपल्या नावानं बोटं मोडतो. तुसासाठी आमचा उपाय निपाणीचा. वखारीत तंबाखू चाळल्यावर खाली जो चुरा राहतो, तो राखेबरोबर तुसात मिसळायचा. उंदीर, मुंग्या, झुरळं, कुणी त्या वाटेला फिरकत नाही. निपाणीकडच्या लोकांना भिंतीत तंबाखू म्हटल्यावर उलट अभिमान वाटतो. एका व्यापाऱ्यानं तर मला चांगल्यातला तंबाखू काढून दिला होता. भिंतीनं काय तो ओढायचा होता?

तिसरी गोष्ट भयाची नाही, पण तिच्यामुळं माझा धंदा इतरांहून वेगळा झाला. तूस खाली बसतं. कितीही नीट भरलं तरी वर्षभरात आपल्याच भारानं दबतं आणि वर रिकामी जागा राहते. तिथून थंडी आत यायला लागते. म्हणून मी प्रत्येक भिंतीच्या माथ्याला एक फळी सुटी ठेवतो. भात निघालं, गिरण्या सुरू झाल्या की मालकानं निरोप धाडायचा, मी जायचं, फळी काढायची आणि भिंतीला वरून तूस भरवायचं. आम्ही त्याला भिंतीला जेवू घालणं म्हणतो. गवंडी घर बांधून गेला की पुन्हा त्याचं तोंड दिसत नाही. मला मात्र दर वर्षी जावं लागतं. त्यामुळं घरात काय चाललंय ते आपोआप कळतं. कुणाचं लग्न ठरलं, कोण कुणाशी बोलत नाही, खाट कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत गेली, हे शिडीवरून फार छान दिसतं.

हल्ली बोलावणी येतात ती जंगलाकडच्या रिसॉर्टवाल्यांची. त्यांना भिंत कुडासारखी दिसायला हवी असते. आत सिमेंट, वरून कामट्यांची जाळी आणि खोलीत एसी. मी पैसे घेतो आणि जाळी ठोकून येतो. पण फळी सुटी ठेवायचं काम पडत नाही, आणि दर वर्षी जायचंही. परतताना उगाच काहीतरी विसरून आल्यासारखं वाटतं.

आता बेळगुंदीच्या गंगाक्काबद्दल सांगतो. खरं म्हणजे तिच्यासाठीच लिहायला बसलो. पहिल्यांदा मी तिला अहो-जाहो करत होतो. ते कधी सुटलं मलाही कळलं नाही, म्हणून इथंही ‘आक्का म्हणाली’ असंच लिहितो.

बेळगुंदीत आक्काचं स्लॅबचं चांगलं दुमजली घर. तिचे यजमान मारुतीआप्पा यांनी शेती सांभाळून शहरात कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मोठ्या हौसेनं बांधलेलं. त्या घराच्या परसात आक्काला दुहेरी कुडाची एक खोली हवी होती. मी जागा बघायला गेलो तेव्हा दोघांचं यावरूनच जुंपलेलं होतं.

“एवढा बंगला बांधला, आन् हिला परसात खोपट पायजे,” आप्पा मला सांगत होते. “लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं बायकोला भायेर काढली.”

“लोकास्नी म्हणू द्या,” आक्का म्हणाली. “तुमचा बंगला पावसात घाम गाळतोय. भिंतीला पाठ लावली की लुगडं वलं. त्यात मी बाळंतीण ठीवू?”

बाळंतीण म्हणजे तिची विद्या. एकुलती एक मुलगी, लग्न होऊन नवऱ्याबरोबर कॅनडात गेलेली. आधी एकदा दिवस राहून गेले होते, म्हणून या खेपेला सगळे जपून होते. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. विद्या सातव्या महिन्यात येणार, श्रावणात बाळंत होणार. आणि बेळगुंदीचा श्रावण म्हणजे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी होतं. अशा दिवसांत आक्का स्वतः कुडाच्या खोलीत बाळंत झाली होती, तिची आईही. तेव्हा विद्यासाठीही तशीच खोली हवी, आणि ती मिरगाच्या आत लिंपून, वाळून तयार हवी. तिच्या बोलण्यात आर्जव नव्हतं. ठरलेलं होतं.

काम चांगलं चाललं होतं. मी वरच्या वाशांची लाकडं आणायला खानापूरला गेलो त्या दिवशी माझ्या माणसांनी भिंत भरायला घेतली, आणि नेहमीच्या सवयीनं तुसात तंबाखूचा चुरा मिसळला. मी त्यांना वेगळं काही सांगितलं नव्हतं. खरं तर माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी परत आलो तर आक्का खोलीच्या मधोमध उभी राहून नाक वर करून वास घेत होती.

“परशराम, ह्यात तंबाखू हाय?”

“थोडासा हाय आक्का. किड्यासाठी.”

“आन् लेकराच्या नाकात काय जाईल? जल्मल्या जल्मल्या शिंकत बसंल की रं त्ये.”

मी म्हटलं, लिंपल्यावर वास येत नाही. ती म्हणाली, तुला येत नसेल, दहा दिवसांच्या लेकराला येतो. भरलेली भिंत रिकामी केली. सगळ्या परसात तुसाचे ढीग, वर ढग जमा व्हायला लागलेले, आणि आप्पा ओसरीवर बसून मला म्हणतात, “मी सांगितलं व्हतं न्हवं, खोपट म्हणून?” तंबाखूऐवजी मग काय घालायचं हे आक्कानंच सांगितलं. निरगुडी आणि कडुनिंब. बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यात निरगुडीचा पाला घालतात, तोच धान्याच्या कणगीतही घालतात. आक्का गल्लीतल्या बायका घेऊन बांधाबांधानं हिंडली, पाला आणला, घरात पंखे लावून सावलीत वाळवला. बंगल्याच्या दिवाणखान्यात पाल्याच्या चादरी पसरलेल्या होत्या आणि आप्पा त्यांच्यातून वाट काढत टीव्ही बघत होते.

नवं तूस, राख आणि तो पाला मिसळून आम्ही भिंत पुन्हा भरली. निरगुडीचा गुण वर्षभर टिकतो, तंबाखूसारखा चार-पाच वर्षं नाही. म्हणजे या भिंतीत तुसाबरोबर ताजा पालाही दर वर्षी न चुकता भरावा लागणार, हे मी आक्काला तेव्हाच सांगून ठेवलं. ती म्हणाली, “भरूया की. पोरगी काय एकदाच यायची हाय व्हय?” आतली शेवटची लिंपणी तिनं कुणाला करू दिली नाही. गुडघे दुखतात म्हणत म्हणत स्वतः केली. इतक्या भिंती बघितल्या, पण तिच्याइतका सारखा हात मी दुसरा बघितला नाही.

मिरगाच्या आधी खोली तयार झाली. आत बाज, बाजेखाली शेगडीची जागा, खिडकीला जाड पडदा. मी शेवटची बिजागरी बसवायला गेलो तेव्हा आक्का पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “डागतर न्हाय म्हणाला.”

विद्याचा रक्तदाब वाढला होता. विमानानं यायचं नाही, असं तिकडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. आक्कानं जायचं म्हटलं तर व्हिसा वेळेत होण्यासारखा नव्हता. मी बिजागरी बसवली आणि दार उघडमीट करून बघत राहिलो. आक्का म्हणाली, “दार चांगलं बसलं,” आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

श्रावणात विद्याला मुलगा झाला, तिकडंच.

त्या वर्षी भात निघाल्यावर आक्काचा निरोप येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. “तूस आलंय रं गिरणीत. कवा येतोस?” मी गेलो. तिनं पाला वाळवून ठेवला होता. मी शिडीवर, ती खालून सुपातून तूस देतेय, असं आम्ही काम केलं. दिवेलागणीला, तिकडं सकाळ असताना, विद्याचा फोन आला, तोंड दिसतं तसला. आक्काचा पहिला प्रश्न ठरलेला होता, लेकराला थंडी लागत नाही ना. बाहेर बर्फ पडताना दिसत होता. विद्या हसली आणि म्हणाली, “आई, थांब, तुला गंमत दाखवते.” त्यांच्या भिंतीतला नळ फुटला होता, म्हणून कामगारांनी भिंत फोडलेली होती. तिनं फोन तिकडं वळवला. आक्कानं तो माझ्यापुढं धरला. “बघ रं, तुला कळंल.”

मी बघितलं आणि शिडीवरच बसलो. लाकडाचे उभे खांब, दोन्ही अंगांना फळ्या, आणि मध्ये ठासून न भरलेलं, सैल, कापसासारखं काहीतरी. आमचीच भिंत. फक्त तुसाच्या जागी कापूस आणि कामगाराच्या तोंडाला फडकं.

“परशरामकाका, इथं सगळी घरं अशीच,” विद्या म्हणाली.

“म्हंजे ती कुडातच हाय,” आक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पूर्वी बघितलं नव्हतं. आप्पांना हाका मारून तिनं सांगितलं, शेजारी सांगितलं. फोन बंद झाल्यावर मात्र तिनं सूप पुन्हा तुसानं भरलं. मग म्हणाली, “पर त्यो कूड माझ्या हातचा न्हाय रं.”

त्यानंतर दर वर्षी मी जात राहिलो. विद्या एकदा येऊन गेली, पण लेकराला नव्या जागी झोप लागेना, म्हणून वरच्या एसीच्या खोलीत झोपली आणि दोन रात्री राहून पुण्याला सासरी गेली. खोली तशीच. आक्का तिथं कांदे ठेवू देत नसे, की पाहुणा उतरवू देत नसे. आप्पा चेष्टा करायचे, “देवघर हाय त्ये, चपला काढून जावा आत.” तिला त्याचा राग येत नसे. दर अमावास्येला धुरी दे, दर सणाला सारव. आणि भात निघालं की मला निरोप. दुसऱ्या बाळंतपणाला तरी येईल, असं ती कधी बोलून दाखवत नसे. पण भिंतीत तूस पडताना ती असं बघायची की न बोलता कळायचं.

मधल्या काळात माझं घर उघडं पडलं. माझी बायको रुक्मिणी आजारी पडून गेली. मुलगी सविता निपाणीला दिलेली. जावई मोटरसायकली दुरुस्त करतो, माणूस सरळ आहे, पण त्याची आई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली. मी बेळगावात अनगोळला वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, डोक्यावर पत्रा. जन्मभर लोकांच्या भिंती गार-गरम केल्या आणि स्वतः पत्र्याखाली भाजून निघतोय, यावर माझे सोबती पुष्कळ हसतात. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही, मग कूड कुठून करू?

सविताला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा मला आनंद झाला आणि लगेच मी बोटांवर महिने मोजले. पौषात बाळंत होणार, म्हणजे बेळगावच्या कडाक्याच्या थंडीत. आणि माहेरी कोण, तर मी. मला साधी खीर येत नाही. रुक्मिणी असती तर आतापर्यंत डिंक, खारीक, बाळंतशोपा, सगळं डब्यांत भरून ठेवलं असतं आणि मला चार कामं सांगून हैराण केलं असतं. तेव्हा मला या सगळ्याचा वैताग यायचा. आता वाटतं, तिनं पुन्हा एकदा मला असंच हैराण करावं.

त्या वर्षी भिंत भरायला गेलो तेव्हा आक्कानं खालून विचारलं, “सविताचं कसं करायचं ठरलंय?”

“बघू,” मी शिडीवरून म्हटलं.

सूप वर येईना. खाली बघितलं तर आक्का सूप कमरेवर घेऊन उभी. “बघू म्हंजे?”

“एखादी बाई ठेवीन, पगारानं.”

“बाळंतपणं पगारानं करत्यात व्हय रं?” ती म्हणाली. मग लगेच, “हिकडं आण तिला.”

मी खाली उतरलो. म्हटलं, “आक्का, ही विद्याची खोली हाय.”

ती पायरीवर बसली. “विद्यानं मला कवाच सांगितलंय, दुसरं नको म्हणून. नोकरी, लेकराची शाळा, तिचं तिला झेपत न्हाय. खरं हाय तिचं. मला म्हाईत असून बी मी तुला दर वर्साला बोलवत हुते. भिंत भरली की वाटायचं, अजून कायतरी व्हईल.” तिनं सुपातल्या तुसात हात फिरवला. “पर आता मला कळंना झालंय, ही आपण कुणासाठी भरायलोय.”

एवढी वर्षं ती वाट बघतेय असं मी समजत होतो. कुणी येणार नाही हे माहीत असूनही ती बघत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी एवढंच विचारलं, “विद्याला सांगितलं का?”

“सांगीन की,” ती म्हणाली आणि उठून सूप माझ्या हातात दिलं.

खरं सांगायचं तर मला ते लगेच पटलं नाही. आपल्या पोरीचं बाळंतपण लोकाच्या परसात करायचं, हे मनाला लागत होतं. निपाणीला जाऊन सविताला सांगितलं तेही अर्धं, नको म्हण अशा सुरात. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “बाबा, आईच्या हातचं तर आता मिळत न्हाय. कुणाच्या तरी आईच्या हातचं मिळायलंय, त्ये का सोडायचं?” यावर माझा मोठेपणा कुठं राहणार?

सविताला शहरातल्या दवाखान्यात मुलगी झाली आणि तिथून ती बेळगुंदीला, त्या खोलीत आली. आप्पांनी स्वतः खाट हलवली, दाराला फट आहे का बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “खोपट चांगलं केलायस हं परशराम.” खोली बांधल्यापासून हे ऐकायला मी थांबलो होतो.

मी रोज सकाळी अनगोळाहून जायचो. आत जायचं नाही, उंबऱ्याशी बसायचं. बाहेर धुकं आणि अंगात हुडहुडी, आणि उघड्या दारातून आतली ऊब तोंडावर यायची. आक्का पाय लांब करून पाटावर बसायची, लेकराला पायांवर घेऊन तेल लावायची आणि त्याच्याशी सारखी बोलायची. सविता डोक्याला फडकं बांधून भिंतीला पाठ लावून बसलेली. मी रोज ठरवायचो, आज आक्काला विचारायचं, विद्याला सांगितलं का. आणि रोज न विचारता परत यायचो.

एका सकाळी आक्काचे हात तेलानं माखलेले असताना कोनाड्यातला तिचा फोन वाजला. सवितानं उठून घेतला. तोंड दिसणारा फोन होता.

“कोण?” पलीकडून विद्याचा आवाज आला.

“मी सविता. परशराम सुतारांची.”

विद्याला काय दिसत असेल ते मला उंबऱ्यावरून कळत होतं. बाज, खिडकीचा जाड पडदा, डोक्याला बांधलेलं फडकं. मला चोरी करताना सापडल्यासारखं झालं.

आक्कानं लेकराच्या पाठीवरचा हात थांबवला नाही. मान वर न करता म्हणाली, “बाळंतीण हाय गं. हिला आई न्हाय. तुला सांगायचं म्हणत हुते, त्वांड हुईना.”

मग विद्या म्हणाली, “सविता, तू भिंतीला टेकून बसतेस ना? कशी लागते गं ती?”

“गार लागत न्हाय विद्याक्का,” सविता म्हणाली. “कुणा माणसाला टेकून बसल्यागत वाटतंय.”

विद्यानं डोळे पुसले. “आई असंच सांगायची,” म्हणाली. “आई, तू चांगलं केलंस. मला राग नाही आला. फक्त मला थोडं बघू दे.” तिकडं रात्र होती, तिचा मुलगा झोपला होता. तिनं सांगितलं, फोन बंद करू नकोस, कुठंतरी टेकवून ठेव. सवितानं तो बाजेच्या पायथ्याशी भिंतीला टेकवून ठेवला.

आक्कानं लेकराला न्हाऊ घातलं, पुसलं, दुपट्यात गुंडाळलं. घमेल्यात निखारे घेऊन त्यावर ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या, लेकराला धुरी दिली, मग सविताला. खोलीत धूर भरला. मधूनमधून ती फोनकडं बघून सांगायची, आता ह्ये करते, आता त्ये करते. आधी विद्या हं म्हणायची. नंतर हं थांबलं. सवितानं वाकून बघितलं तर विद्या उशीवर डोकं टेकून झोपली होती.

“आक्का, बंद करू फोन?”

“नको गं,” आक्का म्हणाली. “निजू दे. एवढ्या वर्सांनी आलीया खोलीत.”

मग तिनं निखाऱ्यांचं घमेलं उचलून फोनपासून लांब, दाराकडं नेऊन ठेवलं. पोरीच्या डोळ्यांत धूर जाईल, म्हणाली.